जीवाणूचा कारभार आणि त्याचे गणित

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत अहिवारा येथे दिलेल्या व्याख्यानाचे लेखी रूप)



सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतले एक व्याख्यान विज्ञानविषयक असावे असे कार्यकारिणीने ठरविले आणि ते माझ्यावर सोपविले, याचे आपणांपैकी अनेकांना नवल वाटले असेल. मी कला शाखेचा पदवीधर. उभी हयात केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात गेली. जीवशास्त्राशी माझा संबंध शाळेतल्या बेडकापुरताच आला, आणि तोही दुरून. तथापि विषय चाळता चाळता माझ्या ध्यानात आले की, ज्याला आपण जीवशास्त्र म्हणून बिचकतो त्यातला हा भाग वस्तुतः हिशेबाचाच आहे. जमा, खर्च, शिल्लक, मंजुरी, मंजुरी अडवून धरणारा अधिकारी, आणि दोन सह्या झाल्याखेरीज न हलणारी फाईल, हे सारे त्यात आहे. तेव्हा या व्यासपीठावर उभे राहण्याचा थोडाबहुत अधिकार मला पोहोचतो, असे मानून मी सुरुवात करतो.

विषय असा आहे. जीवाणूच्या देहात हजारो जनुके असतात. त्यांतले कोणते केव्हा चालवायचे आणि केव्हा बंद ठेवायचे, हे तो कसे ठरवितो? हा निर्णय समीकरणांत मांडून संगणकाकडून सोडवून घेता येतो काय? आणि असे केल्याने तुमच्या-माझ्या घरात काय फरक पडतो? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर क्षयरोगापाशी जाऊन पोहोचते. म्हणूनच हा विषय मी निवडला.

आधी जीवाणूची ओळख करून घेऊ. आपल्या आतड्यांत सुखेनैव नांदणारा ई. कोलाय हा शास्त्रज्ञांचा सर्वांत परिचित जीवाणू होय. त्याची लांबी सुमारे दोन मायक्रॉन, म्हणजे असे पाचशे जीवाणू टोकाला टोक लावून मांडले तर एक मिलिमीटर भरेल. एवढ्याशा देहातल्या त्याच्या डीएनएमध्ये सुमारे ४६ लाख अक्षरांचा मजकूर आहे. तो संपूर्ण मजकूर १९९७ साली वाचून झाला. त्यात सुमारे ४,३०० जनुके आहेत, आणि बहुतेक जनुक म्हणजे एकेका प्रथिनाची कृती असते. माझ्या आईची पाककृतींची एक वही होती. तीत अनारशांपासून पातोड्यांपर्यंत सगळे होते, पण म्हणून सगळे पदार्थ रोज चुलीवर चढत नसत. घरात काय सामान आहे, पाहुणे कोण, सण कोणता, यावर त्या दिवशीचे पान उघडे. जीवाणूलाही आपल्या वहीचे नेमके पान उघडावे लागते, कारण प्रत्येक प्रथिन घडविण्यास खर्च येतो. आणि उधळ्या जीवाणूला त्याचा काटकसरी शेजारी काही तासांतच मागे टाकतो. अनुकूल परिस्थितीत ई. कोलाय वीस मिनिटांत एकाचा दोन होतो, तेव्हा ही शर्यत किती निकराची असेल ते पाहा.

पाने उघडण्या-मिटण्याचे काम करणारी सुमारे तीनशे प्रथिने ई. कोलायमध्ये आहेत. ती डीएनएवर ठराविक जागी बसतात आणि शेजारच्या जनुकाला वाट देतात किंवा अडवितात. गंमत अशी की ही प्रथिनेही जनुकांपासूनच घडतात. म्हणजे एक जनुक दुसऱ्याला उघडतो, दुसरा तिसऱ्याला मिटतो, आणि काही तर स्वतःलाच आवर घालतात. अशा रीतीने जे विणले जाते त्यास जनुक-नियमनाचे जाळे म्हणतात. सरकारी कार्यालयात कोणाच्या हाती कोणाची मंजुरी आहे हे रेखाटले तर जो नकाशा निघेल, त्यासारखाच हा नकाशा दिसतो. आमच्याकडील नकाशा अधिक गुंतागुंतीचा असतो, एवढाच माझा आग्रह आहे.

हे जाळे प्रथम कोणाला दिसले? फ्रान्सच्या झाक मोनो यांना. १९४१ च्या आपल्या प्रबंधात त्यांनी एक साधे निरीक्षण नोंदविले होते. जीवाणूंना दोन शर्करा एकदम खावयास दिल्या, तर काही जोड्यांच्या बाबतीत ते आधी एकच संपवितात. मग त्यांची वाढ काही काळ थांबते. आणि त्यानंतर दुसरी शर्करा खाऊन ती पुन्हा सुरू होते. ग्लुकोज आणि लॅक्टोज, म्हणजे दुधातली शर्करा, ही अशीच जोडी. मधल्या थांब्यात काय घडते? पॅरिस त्या वेळी जर्मनांच्या टाचेखाली होते आणि मोनो पुढे प्रतिकार-चळवळीत उतरले. पण प्रश्न त्यांनी सोडला नाही. फ्रान्स्वा झाकोब यांच्यासह १९६१ साली त्यांनी उत्तर मांडले, आणि १९६५ चे नोबेल पारितोषिक या दोघांना आंद्रे ल्वोफ यांच्यासह मिळाले. उत्तर असे: लॅक्टोज पचविणारी जनुके एका रांगेत असतात आणि त्या रांगेच्या तोंडाशी एक रोधक प्रथिन पहारा देत बसते. एका जीवाणूत असे पहारेकरी जेमतेम दहा-वीस. लॅक्टोज आत आले की त्यापासून झालेला एक पदार्थ पहारेकऱ्याला चिकटतो आणि पहारेकरी उठतो. परंतु तेवढ्याने फाईल सुटत नाही. ग्लुकोज संपले आहे, अशी दुसरी सही लागते. दोन्ही सह्या झाल्या की काम भराभर चालते. मधला थांबा हा त्या मंजुरीचा आणि नव्या सामानाच्या जुळवाजुळवीचा काळ होय.

येथे एका गोष्टीचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. मुंबईच्या माटुंग्यातील यूडीसीटी ही संस्था आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. तेथून शिकून गेलेले डी. रामकृष्ण हे अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात प्राध्यापक झाले. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात या दोन शर्करांच्या भोजनाचे जे गणित मांडले, त्याचा पाया असा की, जीवाणू आपली तुटपुंजी साधने सर्वाधिक लाभ होईल अशाच बेताने वाटतो, असे समजून चालावे. आतल्या प्रत्येक रेणूचा तपशील न देताही वाढीचा आलेख बराच जमतो. हिशेबनिसाला हा विचार पहिल्या वाचनातच पटतो. निर्णय कोणत्या टेबलावर झाला हे न पाहताही ताळेबंदावरून धोरण ओळखता येते.

आता थोडे गणित. फलकावर आकडे लिहितो. घाबरण्याचे कारण नाही, निम्मे करणे आणि मिळविणे एवढेच येते. समजा, एका जीवाणूत एका प्रथिनाचे शून्य रेणू आहेत, आणि दर वीस मिनिटांनी जीवाणूची वाटणी होते तेव्हा शिल्लक निम्मी होते. वाटणीनंतर तो नवे १०० रेणू घडवितो. मग शिल्लक अशी जाईल: १००, १५०, १७५, १८७.५, आणि हळूहळू २०० च्या जवळ. बरे, सुरुवात ८०० पासून केली तर? ५००, ३५०, २७५, २३७.५, आणि पुन्हा २०० कडेच. म्हणजे जमा आणि खर्च यांचा नियम ठरला की शिल्लक कोठे स्थिरावणार हेही ठरते, मग सुरुवात कोठूनही होवो. संगणकावरील प्रतिमान म्हणजे मूलतः हेच. फरक इतकाच की एकाऐवजी दहा, पन्नास किंवा शेकडो पदार्थांच्या शिलका एकमेकींवर अवलंबून असतात आणि वीस मिनिटांऐवजी सेकंदाच्या अंशाअंशाने हिशेब करावा लागतो. तो कागदावर करणाऱ्याचे केस पिकतील.

पण मुळात हा खटाटोप कशासाठी? तोंडी वर्णन पुरत नाही काय? एका पहारेकऱ्याची गोष्ट तोंडी सांगता येते, ती आत्ताच सांगितली. परंतु जेथे कार्याचा परिणाम उलटून कारणावर होतो, तेथे शब्द अपुरे पडतात. याचे एक सुरेख उदाहरण आपल्या मुंबईतच, पवईच्या आयआयटीत अभ्यासले गेले. त्याकडे जरा सावकाश पाहू.

ट्रिप्टोफॅन हा प्रथिनांच्या वीस घटकांपैकी एक. जीवाणूला घडविण्यास तो सर्वांत महाग पडतो, आणि लागतो मात्र अगदी थोडा. तेव्हा बाहेरून मिळत असेल तर घरी करू नये, आणि मिळत नसेल तर तात्काळ सुरू करावा, हे उघड आहे. त्यासाठी ई. कोलायने एक नव्हे तर तीन आवर ठेवले आहेत. पहिला रोधक प्रथिनाचा: हे प्रथिन एरवी रिकामे फिरत असते, ट्रिप्टोफॅन विपुल झाला की तोच त्याला चिकटतो आणि ते जनुकांच्या रांगेपुढे ठाण मांडते. दुसरा आवर अमेरिकेतील स्टॅनफर्डच्या चार्ल्स यानोफ्स्की यांनी १९७० च्या दशकात उलगडला, आणि त्याची युक्ती मला तरी थक्क करून गेली. जनुकाची नक्कल उतरत असतानाच तिच्यामागून ती वाचणारे यंत्र धावत असते. नकलेच्या आरंभीच लागोपाठ दोन ठिकाणी ट्रिप्टोफॅनची मागणी लिहिलेली आहे. ट्रिप्टोफॅन मुबलक असेल तर वाचणारा तेथून सहज पुढे जातो आणि कागद अशा रीतीने दुमडतो की नक्कल तेथेच तुटते. टंचाई असेल तर वाचणारा तेथे अडखळतो, कागद वेगळा दुमडतो आणि नक्कल शेवटपर्यंत उतरते. म्हणजे मागणीपत्राच्या पहिल्या ओळीतच भांडाराची परीक्षा! तिसरा आवर सर्वांत सरळ: तयार झालेला ट्रिप्टोफॅन स्वतःच साखळीतल्या पहिल्या एन्झाइमला धरून बसतो. पहिल्या आवराने उत्पादन सुमारे ७० पट, दुसऱ्याने आणखी ८ ते १० पट बदलते. तिसरा क्षणार्धात लागू होतो.

आता प्रश्न असा की, तीन कशाला? एक भक्कम आवर पुरला नसता काय? पवईच्या रासायनिक अभियांत्रिकी विभागातील शरद भरतिया आणि के. व्ही. वेंकटेश यांनी आपल्या सहकाऱ्यांसह हा प्रश्न संगणकावर मांडला. २००३ च्या निबंधावर त्यांच्याबरोबर राऊळ हे नाव आहे. परमुलखात असे आपल्याकडचे आडनाव शास्त्रीय नियतकालिकात वाचले की मन उगीचच सुखावते. त्या प्रतिमानात असे दिसले की बाहेर ट्रिप्टोफॅन कितीही कमी-जास्त असला तरी जीवाणूच्या आतली पातळी पाचपटीच्या मर्यादेतच राहते, आणि बाहेरच्या स्थितीनुसार प्रतिसाद कधी झटपट व हेलकावे खाणारा, तर कधी सुस्त असतो. प्रतिमानाचे उत्तर त्यांनी आधी प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांच्या आकड्यांशी ताडून पाहिले. पुढल्या वर्षी, २००४ मध्ये, रुहेला या सहकाऱ्यासह त्यांनी तिन्ही आवरांचा एकत्र विचार केला. प्रयोगशाळेत जीवाणूचा एकेक आवर काढून पाहणे हे महिनोन् महिन्यांचे काम. समीकरणांत तीच गोष्ट एक पद खोडून होते. निष्कर्ष असा निघाला की जलद प्रतिसाद आणि स्थैर्य ही दोन्ही एकदम हवी असतील, तर अनेक फेऱ्यांची रचनाच ती देऊ शकते.

रसायनाच्या अभियंत्यांना हा प्रश्न का सुचला, हे भिलाईशी संबंध असणाऱ्यांना सांगावयास नको. आपल्या नंदिनीची चुनखडी ज्या झोतभट्ट्यांसाठी खणली गेली, तेथील मंडळी आज समोर बसली आहेत. वरून टाकलेल्या मालाचे प्रमाण बदलले तर परिणाम तासांनी दिसतो. खालून जाणाऱ्या झोताचे तापमान बदलले तर तो बराच लवकर दिसतो. केवळ मालावर भिस्त ठेवणारा भट्टी सावरण्याआधीच ती बिघडलेली पाहील, आणि केवळ झोतावर भिस्त ठेवणारा मूळ प्रमाण सुधारणारच नाही. जीवाणूचेही असेच आहे. रोधकाने नवे एन्झाइम घडविणे थांबविले तरी आधी घडलेले एन्झाइम काम करीतच राहतात. ते थांबविण्यास तिसरा आवर हवा. पवईच्या प्रतिमानात मला मोठी वाटते ती ही दृष्टी. अर्थात जीवाणूची रचना ‘सर्वोत्तम’ आहे असे ते म्हणतात तेव्हा मी किंचित थबकतो. सर्वोत्तम म्हणजे कोणत्या कसोटीवर, हे आधी ठरवावे लागते, आणि कसोटी ठरविणारे आपण असतो.

प्रतिमानाबद्दल एक खबरदारी येथेच सांगून ठेवतो. आमच्या खात्यात वर्षारंभी अंदाजपत्रक असते, मग सुधारित अंदाज येतो आणि शेवटी प्रत्यक्ष खर्च. तिन्ही आकडे एकच निघाले तर आम्हांला आनंद होण्याऐवजी संशय येतो. प्रतिमानही अंदाजपत्रक आहे. त्यात घातलेले वेग आणि प्रमाणे निरनिराळ्या प्रयोगांतून गोळा केलेली असतात. काही तर्काने घातलेली असतात. प्रतिमान चुकते तेव्हाच ते अधिक शिकविते, कारण जाळ्याचा एखादा धागा आपल्याला दिसलेला नाही, असे ते दाखवून देते.

आतापर्यंत आपण स्वतःला आवरणारे फेरे पाहिले. आता उलट प्रकार, स्वतःला चेतविणारा फेरा. पुन्हा फलकाकडे पाहा. नियमात एकच बदल करतो. शिल्लक १०० पेक्षा अधिक असेल तर जीवाणू नवे १०० रेणू घडवील. १०० किंवा त्याहून कमी असेल तर केवळ १०. निम्मे करण्याचा नियम तोच. आता एका जीवाणूची सुरुवात ११० पासून करा: १५५, १७७.५, आणि पुढे २०० कडे. दुसऱ्याची ९० पासून करा: ५५, ३७.५, २८.७५, आणि पुढे २० कडे. नियम एक, जनुके तीच, अन्न तेच; आरंभी वीस रेणूंचा फरक, आणि अखेरीस एक दोनशेवर, दुसरा वीसवर. मधल्या उंबरठ्यावर कोणीच फार काळ उभा राहत नाही.

हा केवळ फलकावरचा खेळ नव्हे. १९५७ साली नोव्हिक आणि वाइनर यांनी लॅक्टोजच्या बाबतीत हेच दाखविले होते. लॅक्टोजसारखे एक रसायन त्यांनी जीवाणूंना बेताचे दिले, तेव्हा प्रत्येक जीवाणू थोडाथोडा जागा होईल असे वाटत होते. प्रत्यक्षात काही पूर्ण जागे झाले आणि बाकीचे पूर्ण निजलेले राहिले. कारण लॅक्टोज आत आणणारे प्रथिन त्याच रांगेत घडते: जो थोडा जागा झाला त्याच्यात लॅक्टोज अधिक शिरते, आणि तो आणखी जागा होतो. गणित पुढे गेले तसे लोक अशी जाळी स्वतः बांधूही लागले. २००० सालच्या जानेवारीत दोन निबंध एकाच अंकात आले. एकात ई. कोलायमध्ये दोन जनुके परस्परांना मिटणारी बसवून विजेच्या बटणासारखी कळ तयार केली होती. दुसऱ्यात तीन जनुके चक्राकार परस्परांना मिटत होती, आणि जीवाणू घड्याळासारखा उजळत व मावळत होता. दोन्ही आधी समीकरणांत जुळविली आणि मग जीवाणूत घातली.

मग वीस रेणूंचा तो पहिला फरक येतो कोठून? दैवाकडून, असे म्हणावे लागते. जीवाणू इतका लहान आहे की काही रेणूंची संख्या त्यात दहा-वीसच असते. एखादा पहारेकरी क्षणभर जागेवरून हलला, तेवढ्यात एक नक्कल उतरली, आणि पारडे झुकले. येथे सरासरीचे गणित लंगडे पडते. अशा हिशेबासाठी १९७७ मध्ये डॅनियल गिलेस्पी यांनी एक रीत घालून दिली: संगणकाने प्रत्येक पायरीला फासे टाकावेत, कोणती रासायनिक घटना केव्हा घडली ते फाशांनी ठरवावे, आणि असा खेळ हजारो वेळा खेळावा. जनुक-जाळ्यातील या अनिश्चिततेचे महत्त्वाचे गणित मांडणाऱ्या २००१ च्या एका निबंधाचे लेखक मुकुंद थट्टाई पुढे बंगलोरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात आले. हे केंद्र आपल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचेच.

आता क्षयरोगाकडे येतो.

१९४४ साली, पेनिसिलिन नवे असताना, डब्लिनच्या जोसेफ बिगर यांनी लिहिले की पूयजनक जीवाणूंवर भरपूर पेनिसिलिन घातले तरी लाखात किंवा दहा लाखांत एखादा शिल्लक राहतोच. त्या उरलेल्यांची पुन्हा पैदास केली तर ती संतती पेनिसिलिनला पूर्वीसारखीच बळी पडते, आणि पुन्हा एखादा उरतो. म्हणजे हे औषधाला सरावलेले जीवाणू नव्हेत. सरावलेल्याच्या डीएनएमध्ये बदल झालेला असतो आणि तो मुलाबाळांना मिळतो. याच्या डीएनएत काहीच बदललेले नाही. तो फक्त निजलेला होता, आणि पुष्कळशी औषधे वाढणाऱ्या जीवाणूलाच मारतात. २००४ मध्ये नताली बालाबान आणि सहकाऱ्यांनी ई. कोलायचे एकेक जीवाणू सूक्ष्मदर्शकाखाली पाळतीवर ठेवले, तेव्हा दिसले की उरणारे जीवाणू औषध येण्याच्या आधीपासूनच मंद वाढत होते. हजारो भावंडांत एखादे उगीचच निजते आणि संकट आले की तेच तेवढे वाचते.

क्षयाच्या जंतूंच्या कुळात अशी निद्रा कोण आणतो, याचा तपास कोलकात्याच्या बोस संस्थेत झाला. मणिकुंतला कुंडू, जयती बसू आणि पदार्थवैज्ञानिक इंद्राणी बोस यांच्या गटाने २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात क्षयजंतूचा एक निरुपद्रवी नातलग घेतला होता, कारण तो लवकर वाढतो. अन्न संपू लागले की या कुळात रेल नावाचे एन्झाइम जागे होते आणि ते जीवाणूचा सारा कारभार आखडता घेते. रेलला जागविणाऱ्या साखळीत स्वतःला चेतविणारा फेरा आहे, अगदी फलकावरच्या सारखा. गणिताने भाकीत केले की अशा परिस्थितीत वसाहतीचे दोन गट पडावेत. रेलच्या जनुकाची हाक लागली की उजळेल असे प्रथिन जीवाणूंत बसवून त्यांनी पाहिले, आणि वसाहत खरोखरच दोन गटांत विभागली: काही मंद, काही तेजस्वी. जनुके सर्वांची एक, खाणे एक, आणि निर्णय वेगळे. तेजस्वी गटातलेच पुढे चिवटपणे टिकत असावेत, असा त्यावरून तर्क आहे. तो निरुपद्रवी नातलगावरचा आहे, आणि माणसाच्या फुप्फुसातील क्षयजंतूला टिकून राहण्याची इतरही साधने आहेत, हे विसरून चालणार नाही.

माझे थोरले मामा भंडाऱ्याकडच्या एका गावी शिक्षक होते. १९७९ च्या सुमारास त्यांना क्षय झाला. त्या काळी उपचार वर्ष-दीड वर्ष चाले. चौथ्या महिन्यात खोकला थांबला, भूक लागू लागली, अंगावर मांस धरले, आणि त्यांनी औषध सोडले. मास्तर हिशेबी होते. बरे झालेल्या माणसाने गोळ्यांवर पैसा आणि बसभाडे का घालवावे, असा त्यांचा सवाल होता. वर्षाच्या आत दुखणे उलटले आणि त्यातून ते उठले नाहीत. आजी अखेरपर्यंत म्हणत राहिली की औषधच खोटे होते. औषध खोटे नव्हते. पहिल्या महिन्यांत जे जागे होते ते मेले, म्हणून खोकला थांबला. निजलेले उरले होते, आणि ते आपापल्या वेळेस, एकेक करून उठणार होते. आजच्या नेहमीच्या सहा महिन्यांच्या उपचारात पहिल्या दोन महिन्यांनंतर माणसाला बरेच बरे वाटते. पुढचे चार महिने मुख्यतः या निजलेल्यांसाठी असतात. मध्येच सोडले तर ते पुन्हा वाढतात, आणि वाढताना त्यांच्यात खरोखरीचे सरावलेले निपजण्याची संधी दर वेळी नव्याने मिळते. मग उपचार लांबतो, औषधे कडक होतात. आपल्या वसाहतीत, आपल्याकडे कामाला येणाऱ्या माणसांत, असे अर्ध्यावर सोडलेले उपचार आपण पाहिलेले आहेत. औषध सरकारी केंद्रात विनामूल्य मिळते. अडते ते चौथ्या महिन्यात, जेव्हा घरचेच म्हणतात, ‘आता कशाला?’ त्यांना ‘डॉक्टर सांगतात म्हणून’ असे उत्तर देण्यापेक्षा ११० आणि ९० ची ही गोष्ट सांगून पाहा.

या गणिताचा पुढचा उपयोग काय, असे बालमित्र विचारतील. रेल एन्झाइमलाच अडवून क्षयजंतूला निजू न देणारी रसायने शोधण्याचे प्रयत्न चालू आहेत. तशी रसायने प्रयोगशाळेत हाती लागलीही आहेत, परंतु माणसाच्या उपचारात अजून आलेली नाहीत. ही कल्पना गणितात कशी दिसते ते घरी वहीत करून पाहता येईल. नियम आपलाच, फक्त उंबरठा १०० ऐवजी २५० करा: शिल्लक २५० पेक्षा अधिक असेल तरच १०० नवे, नाहीतर १०. आता २०० पासून सुरुवात करा. मघाशी येथेच शिल्लक स्थिरावत होती. या वेळी मिळेल ११०, ६५, ४२.५. बरे, ४०० पासून करा: ३००, २५०, मग १३५, ७७.५, आणि उतरत उतरत २० कडेच. कोठूनही आरंभ करा, वरचा मुक्काम उरतच नाही. वरचा मुक्काम म्हणजे निद्रा असे धरले, तर त्या वसाहतीत निजणारा कोणी राहणार नाही. उंबरठा १५० केला तर काय होईल, १९० केला तर काय, आणि नेमक्या कोणत्या आकड्याला वरचा मुक्काम नाहीसा होतो, हे मी मुद्दामच सांगत नाही. ज्यांना अधिक खोलात जावयाचे असेल त्यांच्यासाठी आता जवळच भिलाईची आयआयटीही आहे. अध्यक्षमहाशयांची अनुमती असेल तर प्रश्न घेतो. पहिला हात मागच्या सतरंजीवरून वर आलेला दिसतो.